इंग्रजी चिनीमातीच्या पुतळ्या व चिन्हप्रामाण्य

सनद खरी कीं बनावट हें केवळ शिक्का पाहून ठरवूं नये, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. शिक्का, मोर्तब, कागद, शाई, अक्षराचें वळण, मायना, सनावळी आणि दफ्तरांतील नोंद या सर्वांचा मेळ बसला तरच कागद प्रमाण मानावा, ही शिस्त आमच्या क्षेत्रांत चांगली मुरलेली आहे. परंतु कागद सोडून दुसऱ्या एखाद्या जुन्या वस्तूच्या नादीं लागलों कीं हीच शिस्त आपण घरीं ठेवून जातों. हा दोष दुसऱ्यावर लादण्यापूर्वीं तो आमच्याच हातून कसा घडला, तें सांगणें उचित होईल.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका स्नेह्यांस मुंबईंतील एका विक्रेत्यानें मेंढपाळ व मेंढपाळीण अशी चिनीमातीच्या पुतळ्यांची जोडी दाखविली. पुतळ्या सुबक होत्या. मागें पानाफुलांची महिरप होती आणि बैठकीच्या पाठीवर सोनेरी नांगराची ठसठशीत खूण होती. स्नेह्यांनीं आमचें मत विचारलें. आम्हीं चिन्हांचा कोश उघडला, सोनेरी नांगर म्हणजे लंडनजवळचा चेल्सी कारखाना असें त्यांत पाहिलें, आणि जोडी अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. त्या शब्दावर विसंबून स्नेह्यांनीं कांहीं रोकड आणि शके घातलेली पुष्पिका असलेली अमरकोशाची एक हस्तलिखित पोथी मोबदल्यांत दिली. जोडी चेल्सीची नव्हती. पोथी दोनतीन हात फिरून कोठें गेली, त्याचा माग आजवर लागलेला नाहीं. त्या जोडीची किंमत पुन्हां मिळवितां येईल. त्या पोथींतील पाठभेद मात्र कोणीं उतरून घेतलेले नव्हते. म्हणून या चिन्हकोशांच्या पद्धतीची चिकित्सा करणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

(१) विषयाचें स्वरूप

पांढरें, खणखणीत वाजणारें आणि पातळ भागीं प्रकाश आरपार येऊं देणारें जें चिनीमातीचें काम, त्यास पोर्सेलीन म्हणतात. खऱ्या चिनी पद्धतीचें कठीण पोर्सेलीन करण्याची कृति युरोपांत प्रथम सॅक्सनींत साधली व १७१० सालीं माइसेन येथें कारखाना निघाला. १७३१ सालीं तेथें आलेल्या केंडलर नांवाच्या शिल्प्यानें लहान पुतळ्यांस जें रूप दिलें, तेंच पुढें बहुतेक युरोपनें गिरविलें. मेजवानीच्या अखेरीस मिष्टान्नांच्या मेजावर पूर्वीं साखरेचीं चित्रें मांडीत. त्यांची जागा या पुतळ्यांनीं घेतली, आणि होरेस वॉलपोल यानें १७५३ सालीं या नव्या हौसेची थट्टाही केली. आज कांचेच्या कपाटांत एकटी उभी असलेली पुतळी मूळची अशा मांडणींतील एक पात्र होती.

इंग्लंडांत हा उद्योग १७४५ च्या सुमारास उभा राहिला. चेल्सीचा चालक निकोलस स्प्रिमाँ हा लीएझहून आलेला रुपेरी कामाचा कारागीर होता. बो येथील कारखान्याशीं निगडित असलेल्या हेलिन व फ्राय यांनीं १७४४ सालीं पेटंट घेतलें. डर्बी येथें विल्यम ड्यूझबरी याचें नांव १७५६ पासून येतें. स्टॅफर्डशरमधील लाँग्टन हॉलचा कारखाना १७६० सालीं बंद पडला. प्लिमथ येथें विल्यम कुकवर्दी यानें १७६८ सालीं कठीण मातीचें पेटंट मिळविलें व १७७० सालीं तें काम ब्रिस्टलला गेलें. प्लिमथ-ब्रिस्टल सोडल्यास वर सांगितलेल्या सर्व कारखान्यांची माती ‘मृदु’ होती, म्हणजे निरनिराळीं द्रव्यें मिसळून साधलेला तो कठीण मातीचा आभास होता.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. माइसेनचा कारखाना राजाचा होता व तेथील तलवारींची खूण ही राजमुद्रेच्या जातीची होती. इंग्लंडांतले कारखाने मात्र व्यापाऱ्यांच्या भांडवलावर चालत. कोणती खूण कोठें व केव्हां घालावी याचें बंधन त्यांवर कोणाचेंच नव्हतें. एकाचा माल दुसऱ्यानें उचलावा, कारागिरानें आज येथें व उद्यां तेथें काम करावें, ही तेथील नित्याची रीत होती. चिन्हकोशांचा पाया येथेंच डळमळतो.

(२) पूर्वपक्ष

विल्यम चॅफर्स याचा मातीच्या व चिनीमातीच्या भांड्यांवरील चिन्हांचा ग्रंथ १८६३ सालीं निघाला आणि शंभर वर्षांहून अधिक काळ पुनःपुन्हां वाढवून छापला गेला. त्याच्या ऋणाची कबुली न देतां त्याच्यावर टीका करणें कृतघ्नपणाचें होईल. त्याच्या पूर्वीं संग्राहकांपाशीं विक्रेत्यांच्या दंतकथांखेरीज फारसें साधन नव्हतें. विखुरलेल्या खुणा एकत्र करून त्यांना कारखाना व काल लावण्याचा त्यानें उद्योग केला. पुढील शोधकांनीं त्याच्या चुका दाखविल्या, पण त्या दाखविण्यासाठींही आधीं त्याचाच ग्रंथ हातीं घ्यावा लागला.

या पद्धतीचा निष्कर्ष सुटसुटीत आहे. चेल्सीचें उदाहरण घ्या. आरंभीं कोरलेला त्रिकोण, सुमारें १७४९ पासून लहान पदकावरील उठावाचा नांगर, १७५२ पासून तांबडा नांगर, १७५६ पासून १७६९ पर्यंत सोनेरी नांगर. एवढी मालिका पाठ केली कीं झालें. ही मालिका खोटी नाहीं. स्थूलमानानें आजही विद्वान् तीच मानतात. चूक तिच्या उलट्या वाचनांत आहे. सोनेरी नांगराच्या काळांतील चेल्सीच्या पुतळीवर सोनेरी नांगर असूं शकतो. यावरून जिच्यावर सोनेरी नांगर ती चेल्सीची, असें सिद्ध होत नाहीं.

(३) हेतूचा व्यभिचार

नैयायिकांच्या भाषेंत सांगावयाचें तर धूर हें अग्नीचें लिंग होतें, कारण अग्नीवांचून धूर कोठेंच आढळत नाहीं. नांगर हें चेल्सीचें लिंग होण्यासाठीं चेल्सीवांचून नांगर कोठेंच आढळतां कामा नये. तसें मुळींच नाहीं. हा हेतु सव्यभिचार आहे, आणि त्याचा व्यभिचार तीन प्रकारचा आहे.

पहिला प्रकार समकालीन अनुकरणाचा. माइसेनच्या तलवारी डर्बी, वुस्टर व ब्रिस्टल येथील मालावरही आढळतात. बोच्या उत्तरकालीन पुतळ्यांवर तांबड्या रंगांत नांगर व कट्यार अशी जोडखूण असते. कट्यार पुसट झाली कीं उतावळ्या संग्राहकास तेवढ्यानें चेल्सी सांपडतें. १७७० सालीं चेल्सीचा कारखाना ड्यूझबरीनें घेतला आणि १७८४ पर्यंत दोन्ही कारखाने त्याच्याच हातीं होते. त्या काळांत ‘डी’ अक्षर व नांगर यांची एकच जोडखूण वापरली गेली.

दुसरा प्रकार चिन्हाच्या अभावाचा. बो व डर्बी येथील कितीतरी अस्सल पुतळ्यांवर कारखान्याची खूणच नाहीं. चिन्हावर श्रद्धा ठेवणारा संग्राहक त्यांना अनाथ समजून दूर सारतो. अशा गिऱ्हाइकासाठीं पुढें कोणीतरी खूण रंगवून देतो. ग्राहकानें ज्या पुराव्याचा हट्ट धरावा, त्याच पुराव्याची बनावट व्हावी, हा अनुभव वतनाच्या तंट्यांतील कागद चाळणाऱ्यांस नवा नाहीं.

तिसरा प्रकार उत्तरकालीन नकलेचा, आणि आम्ही ज्यांत फसलों तो हाच. पॅरिसचें सॅम्सन हें घराणें १८४५ सालीं या धंद्यांत उतरलें आणि जुन्या पोर्सेलीनच्या नकला करण्यांत नामांकित झालें. चेल्सी, बो व डर्बी यांच्या पुतळ्या त्यांनीं कठीण मातींत केल्या आणि त्यांवर नांगरही रंगविला. आपण आपली स्वतंत्र खूणही घालतों, असें त्या घराण्याचें म्हणणें असे. पण ती खूण पुढच्या विक्रेत्यांनीं घासून काढल्याचीं उदाहरणें आहेत. अस्सल चेल्सीचा नांगर बहुधा पाव इंचाच्या आसपास, आडोशास व कांहींसा निष्काळजीपणें काढलेला असतो. आमच्या जोडीवरील नांगर मोठा, ठसठशीत व समोर येईल असा होता. ज्या गुणामुळें आम्हीं त्यावर विश्वास ठेवला, तोच गुण त्याच्याविरुद्ध साक्ष देत होता.

चिन्हकोशकाराचा तर्क किती दूर जाऊं शकतो, याचें प्रसिद्ध उदाहरण लोस्टॉफ्टचें आहे. चीनमध्यें युरोपीय गिऱ्हाइकांसाठीं होणारें, कुलचिन्हें रंगविलेलें कठीण पोर्सेलीन चॅफर्सनें इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील या लहान गांवाच्या पदरीं घातलें. १९०२-०३ च्या सुमारास तेथील जुन्या कारखान्याच्या जागीं सांचे व भाजतांना बिघडलेल्या भांड्यांचे तुकडे निघाले. माती मृदु निघाली आणि तो सारा डोलारा कोसळला. जमिनींतल्या फुटक्या तुकड्यांनीं छापील ग्रंथाचा निकाल लावला.

(४) देहाची साक्ष

मग निर्णय कशावरून करावा? आमचें उत्तर असें कीं, प्रथम पुतळी उलटी करावी.

मृदु माती फुटली तर तिचा भंग साखरेच्या खड्यासारखा रवाळ दिसतो. कठीण मातीचा भंग गुळगुळीत, कांचेसारखा असतो. मृदु मातीवरचे रंग भट्टींत झिलईंत मुरतात. कठीण मातीवर ते पृष्ठभागावर बसल्यासारखे राहतात व बोटास लागतात. चेल्सी व डर्बी येथें बहुधा पातळ कालवलेली माती सांच्यांत ओतून पुतळी पोकळ करीत, म्हणून ती हातास हलकी लागते. बो येथें मातीचा गोळा सांच्यांत दाबून बसवीत, म्हणून ती जड भरते. बोच्या कित्येक पुतळ्यांच्या पाठीस धातूची फांदी बसविण्यासाठीं चौकोनी भोंक असतें. डर्बीच्या पुतळ्या झिलईच्या भट्टींत मातीच्या लहान गोळ्यांवर उभ्या करीत. त्या गोळ्यांचे तीनचार काळसर डाग तळावर राहतात. एके काळीं चेल्सीच्या म्हणून मिरविल्या गेलेल्या कितीतरी पुतळ्या या डागांनीं डर्बीला परत नेल्या. या डागांची नक्कल करण्याचें प्रयोजन कोणास वाटलें नव्हतें, म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची. पोथींतील पुष्पिका लेखक जाणून लिहितो. ओळ गळाल्यावर समासांत घातलेली दुरुस्ती तो सहज करून जातो. पहिलींत असत्य शिरूं शकतें, दुसरींत त्यास सहसा वाव नसतो.

मात्र देहाची साक्षही एकटी पुरेशी नाहीं, हें सांगितलें नाहीं तर आम्ही एक अंधश्रद्धा काढून दुसरी बसविल्यासारखें होईल. कठीण माती म्हणजे परदेशी नक्कल, असा नियम केला तर प्लिमथ व ब्रिस्टल येथील अस्सल पुतळ्या बाद होतील. बोच्या मातींत हाडांची राख असते, म्हणून तींत स्फुरद सांपडतो. परंतु सोनेरी नांगराच्या काळांतील चेल्सींतही हाडांची राख आहे. एकल्स व रॅकहॅम यांनीं १९२२ सालीं इंग्रजी पोर्सेलीनच्या नमुन्यांचें रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून या परीक्षेस शास्त्राचें बळ आलें. पण पृथक्करण मातींतील द्रव्यें सांगतें, कारखान्याचें नांव सांगत नाहीं. नांवासाठीं माती, बांधणी, तळ, घाट व कागद यांची एकवाक्यता पाहावी लागते.

आमच्या जोडीचे तळ आम्हीं नंतर भिंगाखालीं पाहिले. मेंढपाळिणीच्या टोपलीची कड उडालेली होती, व तेथील भंग कांचेसारखा होता. रंग बोटास लागत होते. घाट चेल्सीच्या सोनेरी नांगराच्या काळचा, माती कठीण, खूण अवास्तव मोठी. तिहींचा मेळ सॅम्सनसारख्या नकलेशींच बसत होता. या सर्व गोष्टी पहिल्या दिवशींही त्या पुतळीवर होत्या. आम्हीं त्या पाहिल्या नाहींत, कारण आम्हांस हवें तें उत्तर कोशांत आधींच मिळालें होतें.

(५) रंग, घाट व कारागीर

कित्येक संग्राहक म्हणतात, खूण नसली तरी रंगकामावरून कारखाना ओळखूं. यास ड्यूझबरीची वही हें सरळ उत्तर आहे. डर्बीस जाण्यापूर्वीं हा गृहस्थ लंडनमध्यें पुतळ्या रंगवून देण्याचा धंदा करीत असे. त्याची १७५१ ते १७५३ ची हिशेबवही उपलब्ध असून ती १९३१ सालीं छापून प्रसिद्ध झाली. बोलण्याप्रमाणें अक्षरें लिहिलेल्या त्या वहींत चेल्सी, बो, डर्बी व स्टॅफर्डशर या सर्व ठिकाणच्या पुतळ्यांची नोंद आहे. एकाच घरीं चार ठिकाणचा माल रंगत होता. तेव्हां रंगावरून फार तर रंगाऱ्याचें घर कळेल. शिवाय ड्यूझबरीच्या १७५६ च्या आगमनापूर्वींच डर्बी येथें पुतळ्या होत होत्या, हेंही याच वहीवरून निश्चित होतें. व्यापाऱ्याच्या एका साध्या वहीनें चिन्हांच्या अनेक पानांहून अधिक इतिहास दिला.

घाटाचीही तीच गत. ड्रेस्डेन येथील इंग्रजी वकील सर चार्ल्स हॅनबरी विल्यम्स याचें माइसेनचें सामान लंडनजवळ हॉलंड हाउसमध्यें होतें. १७५१ सालीं चेल्सीच्या लोकांनीं त्यावरून नमुने उतरून घेण्याची परवानगी मागितली. लाँग्टन हॉलचे कांहीं घाट प्लिमथला पुन्हां दिसतात. ‘टी-ओ’ अशी दाबून उठविलेली दोन अक्षरें तर बो, वुस्टर व ब्रिस्टल अशा निरनिराळ्या ठिकाणच्या मालावर येतात. ती खूण एका फिरत्या कारागिराची. त्याचें नांव टिबो कीं टुलूस याचा वाद झाला, पण ती स्थळाची नव्हे एवढें खरें. एकाच लेखकानें नाशिक, पैठण व काशी येथें पोथ्या उतरल्या तर तिन्हींस एक स्थळ कोणी देणार नाहीं.

याच्या उलट जेथें कालनिर्णय भक्कम होतो, तेथें तो बहुधा दुसऱ्या साधनाच्या जोडीनें होतो. गॅरिकच्या ‘लीथी’ या प्रहसनांत किटी क्लाइव्ह व हेन्री वुडवर्ड यांनीं केलेल्या भूमिका बोच्या पुतळ्यांत उतरल्या आहेत. त्या तत्कालीन छापील चित्रांवरून घेतलेल्या आहेत, आणि कांहींवर १७५० हें वर्ष कोरलेलें आहे. नाटकाचा प्रयोग, छापील चित्र व कोरलेलें वर्ष यांचा येथें मेळ बसतो. चेल्सीच्या १७५५ व १७५६ सालच्या जाहीर विक्रीच्या याद्याही अशाच उपयोगी पडल्या. त्यांतील वर्णनें पुतळ्यांशीं ताडून पाहतां येतात.

(६) झोपाळ्यावरील मुलगी

या सर्व विवेचनाचें उत्तम उदाहरण म्हणजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांतील झोपाळ्यावर बसलेल्या मुलीची पांढरी पुतळी. तिच्यावर कारखान्याची खूण नाहीं. तिच्या जातीच्या आणखी पुतळ्या व अत्तराच्या लहान कुप्या ओळखल्या गेल्या. सर्वांच्या मातींत शिशाचें प्रमाण बरेंच. पूर्वीं त्यांस चेल्सी म्हणत. पुढें शैली व माती पाहून शंका आली. १९६२ सालीं आर्थर लेन व चार्ल्सटन यांनीं त्यांचा एक वेगळा गट मांडला आणि चेल्सीच्या आरंभींच्या मालकांपैकीं शार्ल गूँ नांवाच्या जवाहिऱ्याकडे बोट दाखविलें. तो तर्क होता, पण आधार धरून केलेला होता.

त्यास कागदाची जोड मिळाली ती फ्रान्समधून. सेव्ह्रच्या राजकीय कारखान्याचा रसायनज्ञ झाँ एलो इतर देशांतील कारखान्यांची माहिती टिपून ठेवीत असे. बर्नार द्रागेस्को यांनीं १९९३ सालीं फ्रेंच दफ्तरांतील असे उल्लेख प्रसिद्ध केले. गूँ हा लंडनमध्यें सेंट जेम्स भागांत आपल्या घरीं सुंदर लहान पुतळ्या करतो, असा आशय एलोच्या १७५९ च्या टिपणांत सांपडला. तेव्हांपासून ही मुलगी सेंट जेम्सची म्हणून ओळखली जाते. इंग्रजी पुतळीचें कुल फ्रेंच हस्तलिखितानें सांगितलें. पण मातीची परीक्षा करून प्रश्न नीट मांडलेला होता, म्हणूनच त्या ओळीचें महत्त्व ओळखतां आलें. तसा प्रश्न मांडणारा कोणी नसता तर ती ओळ वाचून कोणीही पुढें गेला असता.

(७) संग्राहकाचें कर्तव्य

या क्षेत्रांतील आदर्श म्हणून आम्ही लेडी शार्लट श्रायबर हिचें नांव घेऊं. प्रथम विवाहानंतर लेडी शार्लट गेस्ट या नांवानें तिनें ‘मॅबिनोगियन’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या मध्ययुगीन वेल्श कथांचें इंग्रजी भाषांतर केलें. हस्तलिखितांत मुरलेली ही बाई पुढें युरोपभर हिंडून चिनीमाती गोळा करूं लागली. आणि वस्तु कोठें पाहिली, कोणाकडून व किती किंमतीस घेतली हें रोजनिशींत लिहीत गेली. इंग्रजी कामाचे सुमारें १८०० नग तिनें १८८४ सालीं आपल्या दिवंगत पतीच्या स्मरणार्थ साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयास दिले. तिची रोजनिशी १९११ सालीं छापली गेली व संग्रहाची सूचि पुढें रॅकहॅम यानें केली. तिनें केलेले कांहीं निर्णय पुढें बदलले. परंतु ते बदलतां आले, कारण वस्तु व तिची नोंद दोन्ही शिल्लक होतीं.

आमच्याकडेही जुन्या घरांतून व सार्वजनिक संग्रहालयांतून युरोपीय चिनीमातीचे नग आहेत. ज्यांच्यापाशीं अशा पुतळ्या असतील त्यांनीं प्रत्येकीची नोंद पोथीच्या सूचीप्रमाणें करावी: उंची, वजन, मातीची जात, तळाचें वर्णन, भोंकें व डाग, झिलई, दुरुस्ती, आणि कोणत्या घरांतून कोणत्या वर्षीं आली हें. खूण असल्यास तिचा आकार मोजून ती शेवटच्या रकान्यांत लिहावी. निर्णय होत नसेल तर ‘अनिश्चित’ असें लिहिण्यास लाजूं नये. उद्यां एखाद्या दफ्तरांतील एक ओळ तो निर्णय करून जाईल.

त्या जोडीपैकीं मेंढपाळीण आमच्या स्नेह्यांनीं आम्हांस भेट दिली. रागावून नव्हे, असें ते म्हणतात. ती आमच्या मेजावर असते. आणि कोणी पोथी मोबदल्यांत देऊन दुसरें कांहीं घेऊं लागला, तर देण्यापूर्वीं निदान तिची पुष्पिका व पाठ उतरून ठेवा, एवढें आम्ही त्यास आग्रहानें सांगतों. वाचकांसही तीच विनंति करून हा लेख पुरा करतों.